पेठेतल्या वाड्याची दर्शनी बाजू: दुरुस्ती कुठून सुरू करायची

वाड्याची रस्त्याकडची भिंत फुगली, पोपडे पडायला लागले की पहिला फोन गवंड्याला जातो. तो खरं तर कौलं शाकारणाऱ्याला, म्हणजे छपराची कौलं काढून नीट बसवणाऱ्याला, जायला हवा. जुन्या घराच्या बाहेरच्या अंगाचं जे काही बिघडतं, त्यातलं बहुतेक सगळं पाण्यानं बिघडतं. पाणी भिंतीत शिरतं ते वरून, खालून किंवा कुठल्यातरी फुटक्या नळातून. ते बंद न करता केलेला गिलावा दोन पावसाळ्यांत पुन्हा सुटतो, मग तो कितीही चांगल्या चुन्याचा असो.

हे लिहितोय ते पुण्यातल्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव अशा पेठांमधल्या जुन्या घरांबद्दल. खाली घडीव काळ्या दगडाचं जोतं, वर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधल्या खणांत पातळ विटांचं चुन्यातलं किंवा मातीतलं बांधकाम, त्यावर चुन्याचा गिलावा आणि रस्त्याकडे लाकडी सज्जा किंवा कोरीव हस्त (खालून आधार देणारे लाकडी तुकडे). खाली दगड आणि वर वीट ही पद्धत मोठ्या प्रमाणावर बघायची तर शनिवारवाड्याच्या तटापाशी पाच मिनिटं उभं राहा. लाकडी दर्शनी बाजू कशी असते ते विश्रामबागवाड्याच्या रस्त्याकडच्या सज्ज्यात दिसतं. आपल्या घराच्या कामाआधी ही दोन्ही ठिकाणं गवंडी-सुताराला सोबत घेऊन बघावीत. बोलणं सोपं होतं.

एक गोष्ट आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या घरांत भार बराचसा सांगाडा पेलतो, वीट फक्त खण भरते. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. त्यामुळे खांब आणि वीट यांच्या सांध्यावर बारीक चीर असणं हा रोग नाही. चुना ती हालचाल थोडीफार सोसतो, आणि भिंतीत गेलेली ओल वाफ होऊन बाहेर जाऊ देतो. सिमेंटला यातलं काहीच जमत नाही. ते कडक असतं, ओल आत कोंडून धरतं. मग ती ओल विटेतले क्षार घेऊन जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडते, म्हणजे मऊ विटेतून आणि लाकडातून. सिमेंटच्या ठिगळाच्या वर हातभर अंतरावर विटांचा भुगा होत असतो तो याचमुळे. लोक मात्र म्हणतात, "सिमेंट केलं तिथं बघा, कसं टणक आहे."

परवानगी आणि घरची माणसं

पुणे महापालिकेच्या वारसा यादीत तुमचं घर आहे का, असल्यास कुठल्या श्रेणीत, हे महापालिकेच्या हेरिटेज विभागात विचारा. श्रेणी असेल तर दर्शनी भागाला हात लावण्याआधी तिथली परवानगी लागते. शनिवारवाडा किंवा पाताळेश्वर लेणं यांच्या जवळ राहत असाल तर आणखी एक पायरी आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत नियंत्रित क्षेत्र असतं. दुरुस्तीला तिथं बंदी नाही, पण वेगळी परवानगी लागते. अर्जासोबत दर्शनी बाजूचं मोजमापाचं रेखाचित्र आणि सगळ्या कोनांतले फोटो द्या. ते नंतर सुतारालाही उपयोगी पडतात.

मालकी चार चुलतभावांत आणि खालच्या मजल्यावर भाडेकरू, हे चित्र पुण्यात नवं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे, पण परांची (गवंड्यानं उभं राहायचा मचाण) भाडेकरूच्या दुकानासमोर बांधायची असते. काम कधी सुरू होईल, दुकान किती दिवस झाकलं जाईल, हे लेखी ठरवून घ्या. चुना भिजत घालण्याआधी हे झालेलं बरं.

पाहणी पावसात करायची

उन्हाळ्यात भिंत कोरडी आणि गोजिरी दिसते. खरं काय ते जुलैमध्ये कळतं. छत्री घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभं राहा आणि पाणी कुठून उतरतं ते बघा. पन्हळ कुठे तुंबून ओसंडते, पागोळ्या जोत्यावर पडतात की भिंतीवर, सज्ज्याच्या कुठल्या कोपऱ्यात पाणी थांबतं. पुण्यात पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येकडून मारतो, त्यामुळे त्या बाजूची भिंत बाकीच्यांपेक्षा आधी खराब झालेली सापडते. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. ऑक्टोबरमध्ये गवंड्याशी वाद घालताना तोच पुरावा असतो.

पाऊस ओसरला की गिलावा वाजवून बघा. थापीच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकत जायचं. घट्ट गिलाव्याचा आवाज बोथट आणि भरीव येतो, सुटलेल्याचा पोकळ, डबा वाजवल्यासारखा. पोकळ भागाभोवती खडूनं रेघ मारा. सगळी भिंत वाजवून झाली की मागे सरकून बघा. खडूच्या या नकाशात बहुतेक वेळा एक उभा पट्टा निघतो, आणि त्याच्या वर कुठेतरी फुटलेलं कौल किंवा गळकी पन्हळ सापडते. जोत्यालगत आडवा पट्टा असेल तर ओल जमिनीतून चढते आहे.

लाकडासाठी अरी किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर पुरे. खांबाचा तळखड्याजवळचा (खालच्या दगडाजवळचा) वीतभर भाग, तुळईचं भिंतीत शिरणारं टोक आणि सज्ज्याच्या फळ्यांचा खालचा भाग टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलं आहे. रंगाचे पाच थर असले की वरून काहीच दिसत नाही, आत वाळवीनं पोखरून फक्त कवच ठेवलेलं असतं.

भिंतीला फुगवटा असेल तर ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून अंतर लिहून ठेवा. मोठ्या चिरेवर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काही महिन्यांत पट्टी तडकली तर चीर अजून चालू आहे. अशा भिंतीचं बाहेरचं काम थांबवून लाकडी सांगाड्याचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. फक्त आरसीसीची कामं केलेला इंजिनिअर बहुधा "पाडा" म्हणेल. त्याला दोष नाही, पण दुसरं मत घ्या.

आधी पाण्याचा बंदोबस्त

कौलं शाकारून घ्या, फुटकी बदला, कुजलेले वासे-रिपा बदला. वळचण, म्हणजे छपराची भिंतीबाहेर आलेली कड, पूर्वी जितकी बाहेर होती तितकी ठेवा. पत्रा घालताना ती आखूड करणं ही फार महागात पडणारी बचत आहे. पन्हळीचा उतार तपासा, उतरत्या पायपाचं तोंड जोत्यापासून लांब न्या. माडीवर नंतर काढलेली न्हाणीघरं आणि स्वयंपाकघराच्या मोऱ्या हा वाड्यांमधल्या ओलीचा दुसरा मोठा उगम. तिथले नळ आणि जोड आधी बदला.

खालचं काम अवघड असतं. डांबर आणि काँक्रीटचे थर चढत गेल्यानं पेठांमधले रस्ते वर आले, आणि कित्येक वाड्यांचं जोतं अर्धं जमिनीखाली गेलं. चौकातही फरशीच्या जागी काँक्रीट आलं. जमिनीतली ओल मग उघड्या मातीतून निघून जात नाही, ती भिंत धरून चढते. रस्ता तुम्ही खाली नेऊ शकत नाही. पण आपल्या हद्दीत, भिंतीलगत हातभर रुंदीचा काँक्रीटचा पट्टा तोडून तिथं खडी भरता येते, खाली छिद्रांचा पाइप टाकून पाणी गटाराकडे काढता येतं. खोदताना जोत्याच्या पायाखाली जाऊ नका. नदीकाठच्या पेठांमध्ये तर हे निचऱ्याचं काम टाळूच नये. 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरात तिथले अनेक वाडे ढासळले, आणि जे राहिले त्यांच्या मातीच्या भिंतींनी किती पाणी प्यायलं असेल याचा विचार करा.

भिंतीत पिंपळ किंवा उंबर रुजला असेल तर हिसका देऊन उपटू नका. मुळाबरोबर चार विटा येतात, आणि तुटलेलं मूळ पुन्हा फुटतं. बुंधा कापून ताज्या कापावर तणनाशक लावायचं, मूळ मेलं की सांधे उकलून ते काढायचं. ग्लायफोसेट वापरायचं असेल तर ते परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच करून घ्यावं लागतं.

पाणी बंद केल्यावर भिंतीला एक हंगाम सुकू द्या. घाई असलेल्यांना हे पटत नाही.

सिमेंट उतरवणं

जुनं सिमेंट काढायला छिन्नी आणि हलका हातोडा. ग्राइंडर नाही, ब्रेकर नाही. ग्राइंडरची पाती विटेच्या कडा खाते, आणि एकदा विटेचं भाजलेलं तोंड गेलं की आतला मऊ भाग पावसात धुपतो. सिमेंट विटेला इतकं चिकटलं असेल की काढताना वीटच फुटते आहे, तर तिथं थांबा. तो भाग पुढच्या खेपेला. अर्धवट सिमेंट राहिलेली भिंत बघायला वाईट दिसते, पण वीट शाबूत असते.

दगडी जोत्यावरचा ऑइलपेंट रंग उतरवायच्या जेलनं आणि नायलॉनच्या ब्रशनं काढावा. वाळूचा मारा करून दगड "नवा" करून देणारे भेटतात, त्यांना नको म्हणा. पाथरवटाच्या टाकीच्या खुणा त्या माऱ्यात जातात.

चुना

सगळं काम इथं जमतं किंवा बिघडतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

पिशवीतली चुन्याची पूड सफेदीला चालते. गिलाव्याला कळीचा चुना (अजून न विरलेले खडे) आणून घरी विरवलेला उत्तम. लोखंडी पिंपात किंवा हौदात आधी पाणी घ्या आणि त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडा. खड्यांवर पाणी ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. खडा पाण्यात पडला की क्षणभर काही होत नाही. मग तो चुरचुरतो, तडकतो, पिंप उकळायला लागतं आणि पांढरी वाफ उठते. या वेळी डोळ्यांवर गॉगल आणि हातात रबरी मोजे असलेच पाहिजेत, मुलांना लांब ठेवा. डोळ्यात थेंब गेलाच तर निदान 15 मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुऊन थेट डॉक्टरकडे. फावड्यानं ढवळत राहा, उकळी शमली की बारीक जाळीतून गाळून घ्या. न विरलेले खडे फेकून द्या. ते गिलाव्यात गेले तर महिन्यांनी भिंतीत विरतात आणि तिथं खळगा पाडतात.

गाळलेला चुना पाण्याखाली झाकून किमान महिनाभर ठेवा, तीन महिने ठेवला तर फार चांगला. म्हणजे ऑक्टोबरात गिलावा करायचा तर चुना जुलैत भिजवायला हवा.

आता मिश्रण. आधी तुमच्याच भिंतीला विचारा. शाबूत जुन्या गिलाव्याचा तुकडा हलक्या हातानं फोडून काचेच्या भांड्यात सौम्य आम्लात टाका. फसफसून चुना विरघळतो, तळाशी वाळू आणि सुरखी (विटेची पूड) राहते. वाळू किती भरड आहे, रंग कसा आहे, विटेची गुलाबी पूड दिसते का, ते बघा आणि त्याच्याशी जुळतं मिश्रण करा. हे जमलं नाही तर दरजांसाठी (विटांमधल्या सांध्यांसाठी) एक भाग चुना आणि तीन भाग वाळू हे सुरुवातीला ठीक आहे. पावसाच्या माऱ्यातल्या भिंतीसाठी एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू. सुरखीमुळे चुना ओलीतही घट्ट होतो. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो. सुरखीला कमी भाजलेली वीट लागते. पाडलेल्या वाड्याच्या जुन्या विटा मिळाल्या तर त्या दळून घ्या, मात्र लोणा (क्षारांची पांढरी पूड) लागलेल्या नकोत.

नदीची वाळू आता सहज मिळत नाही, पुण्यात सर्रास क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) येते. ती धुऊन, चाळून घ्या. तिच्यातली दगडाची भुकटी तशीच राहिली तर गिलाव्याला बारीक चिरा पडतात.

गूळ, हिरडा, मेथी, बेलफळ यांबद्दल लोक फार बोलतात. हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घातल्यानं मिश्रण लोण्याइतकं मऊसूत कामाला येतं, हे खरं. प्रमाण वाढलं तर ते घट्ट व्हायलाच तयार होत नाही, हेही तितकंच खरं. माझं मत विचाराल तर चुना नीट मुरला असेल आणि वाळू स्वच्छ असेल तर या मसाल्यावाचून अडत नाही. ज्या गवंड्याचा हात त्यावर बसला आहे त्यानं घालावं. आणि "साहेब, मूठभर सिमेंट टाकतो, लवकर सेट होईल" या वाक्याला उत्तर एकच: नाही.

दरजा आणि गिलावा

दरजा उकरताना जुना सुटा चुना साधारण 20 ते 25 मिलीमीटर खोलीपर्यंत काढा. मातीतलं बांधकाम असेल तर त्याहून आत जाऊ नका, पोकळी वाढते. ब्रशनं धूळ झाडा, पाणी मारा, विटेनं पाणी पिऊन वर ओलसर चमक राहिली नाही की चुना दाबून भरा. दरज विटेच्या तोंडाच्या किंचित आत ठेवा. विटेवर पसरलेली, वर रेघ ओढलेली जाड दरज जुन्या भिंतीवर विचित्र दिसते आणि तिच्या वरच्या कडेवर पाणी थांबतं.

जो गिलावा वाजवताना भरीव वाटला तो ठेवा. त्याच्या कडा काटकोनात कापून घ्या आणि फक्त गेलेला भाग भरा. कोनाड्याभोवती नक्षी किंवा रंगकाम असेल आणि मागे पोकळ झालं असेल, तर बारीक छिद्रं पाडून सुईनं पातळ चुना आत सोडता येतो. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

खोल खड्डे आधी विटांचे तुकडे आणि चुना घालून भरा. मग पहिला थर 10 ते 12 मिलीमीटर, तो ओरखडून ठेवायचा. तो आवळला आणि नखानं दबेनासा झाला की दुसरा, 8 ते 10 मिलीमीटर. शेवटचा बारीक हात 2-3 मिलीमीटरचा. दोन थरांमध्ये निदान आठवडा जाऊ द्या. आवळताना चिरा पडल्या तर लाकडी थापीनं पुन्हा दाबून मिटवायच्या. खांबाला लागून गिलावा संपतो तिथं करणीची एक सरळ रेघ मारून सांधा मोकळा ठेवा. नाहीतर चीर आपली वाट आपणच काढते, वेडीवाकडी.

ओलं गोणपाट टांगून किमान 7 ते 10 दिवस भिंत दमट ठेवा. पाणी धबाधबा मारायचं नाही, फवारायचं. पश्चिमेची भिंत डिसेंबर-जानेवारीत करा. मार्च-एप्रिलच्या उन्हात चुना आवळण्याआधीच सुकतो आणि हाताला पूड लागते.

रंग म्हणजे चुन्याची सफेदी, दुधाइतकी पातळ, ओलसर भिंतीवर चार-पाच हात. पहिला हात दिल्यावर काहीच दिसत नाही, सुकल्यावर पांढरं होतं. त्यामुळे रंगारी जाड लावायला बघतो आणि मग त्याचे पोपडे पडतात. रंगछटेसाठी गेरू किंवा पिवळी माती. चुन्यात मीठ घालायची जुनी सवय आहे, पण लोणा लागलेल्या भिंतीवर ती नको. प्लॅस्टिक पेंट लावलात तर वरचं सगळं वाया गेलं.

लाकूड

वाळवीचा उपचार आधी, सुतारकाम नंतर. जुना ऑइलपेंट ब्लोलॅम्पनं जाळू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्याची वाफ आणि धूळ दोन्ही वाईट, शिवाय सुकलेल्या सागाला आग लागायला वेळ लागत नाही. रंग उतरवायचं जेल लावा आणि ओलं असतानाच खरवडा. तोंडाला चांगला मास्क हवा. कोरीव भागात बांबूच्या कमच्या आणि दात घासायचा जुना ब्रश.

खांबाचा तळ कुजला म्हणून अख्खा खांब बदलायची गरज नसते. वरच्या तुळईला टेकू आणि जॅक देऊन भार उतरवा, कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत तिरका कापा, तसाच कापलेला जुन्या सागाचा तुकडा लाकडी खुंट्यांनी जोडा. नवा साग अजून आकसतो, म्हणून टिंबर मार्केटात किंवा पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकणाऱ्यांकडे जुना शोधा. लाकडाच्या रेषा उभ्याच जुळवा. हस्ताचं किंवा पट्टीचं कोरीव काम तुटलं असेल तर तेवढाच तुकडा नवा करा. मूळ तुकडा कितीही झिजलेला असो, तो तिथंच राहू द्या.

शेवटी जवसाचं उकळलेलं तेल, रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं ते. पहिल्या हातात टर्पेंटाइन मिसळून पातळ करा, पुढचे हात तसेच. पातळ लावायचं आणि अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून घ्यायचं. पुसलेली फडकी कोपऱ्यात बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. लाकडी घरात हा नियम भिंतीवर लिहून लावावा इतका महत्त्वाचा आहे.

गवंड्याशी ठरवताना

चौरस फुटाच्या दरानं चुन्याचं काम देऊ नका. त्या दरात घाई आपोआप येते, आणि थरांमधला आठवडा पहिला कापला जातो. रोजावर द्या, साहित्य तुम्ही आणा. सुरुवातीला मागच्या बाजूला, कुणाला न दिसणाऱ्या जागी, दोन बाय दोन फुटांचा नमुना सगळ्या थरांसह करून घ्या आणि तो महिनाभर बघा. तोच नमुना पुढच्या कामाचं माप, हे कागदावर लिहा. त्याच कागदावर परांचीवर सिमेंटची पिशवी चढणार नाही हेही लिहा. केबलवाले, एसीवाले आणि पाटी लावणारे यांना नव्या भिंतीत ड्रिल मारायची परवानगी कोण देणार, ते घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा. खिळा मारायचाच असेल तर दरजेत मारा, विटेत किंवा दगडात नाही.